आक्काचं एक वाक्य

तेजूनं दारात चप्पल काढली आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधीच विचारलं, "मामा, तिचं काही आहे का तुमच्याकडे?"

मंदा, म्हणजे माझी बायको, भाकरतुकडा ओवाळायला पुढं झाली होती, ती तशीच थांबली. मी पाण्याचा तांब्या धरून उभा. भाचीला तेवीस वर्षांनी बघत होतो. काय बोलायचं ते सकाळपासून जुळवून ठेवलं होतं, प्रवास कसा झाला, दाजी कसे आहेत, आणि पोरीनं एका वाक्यात ते सगळं बाजूला सारलं.

तिचं म्हणजे तिच्या आईचं. माझ्या थोरल्या बहिणीचं, शालनचं. मी तिला आक्का म्हणायचो. तेजू नऊ महिन्यांची असताना आक्का काविळीनं गेली. वर्षाच्या आत दाजींनी दुसरं लग्न केलं, वापीला कारखान्यात नोकरी धरली आणि पोरीला घेऊन गेले. जाताना आमच्या आईला सांगून गेले, की पोरीला आता हीच आपली आई वाटली पाहिजे, तेव्हा तुमच्याकडनं कुणी येऊ नका, पत्र घालू नका. आई म्हणाली, लेकराचं बरं होत असेल तर होऊ द्या. म्हणाली खरी, पण पुढं एकोणीस-वीस वर्षं फाट्यावर करमाळ्याची एसटी थांबली, की ती पदरानं डोळ्यावर सावली धरून कोण उतरतंय ते बघायची. ती वारली आणि त्यावर चार वर्षांनी तेजू उतरली.

लग्न ठरलं होतं तिचं. नोंदणीसाठी जन्माचा दाखला काढला, तर आईच्या नावापुढं शालन, आणि घरातल्या आईचं नाव सुनंदा. पोरगी हुशार. बापाला समोर बसवून सगळं काढून घेतलं, माझा नंबर हुडकला आणि एकटी निघून आली. राहायला नाही, एका दिवसासाठी.

"काही म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"काहीही. मी तिचा एकच फोटो बघितलाय, लग्नातला. त्यात तिची मान खाली आहे. पप्पांना विचारलं, तिचा आवाज कसा होता. म्हणाले, होता की, चारचौघींसारखा." मग म्हणाली, "असं कसं कुणाला सांगता येत नाही?"

आता इथं मला मोठेपणा सुचला. माझी ही खोड जुनीच. गिरणीवर दळणाला आलेल्या बायकांनाही मी पीठ थोडं, गप्पा जास्त देतो असं मंदा म्हणते. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "फोटोचं काय घेऊन बसलीस? तुझी आई सिनेमात आहे. चालतीबोलती दाखवतो तुला."

ती उंबऱ्यातच बसली. मंदानं भाकरतुकडा तिथंच ओवाळून टाकला.

"बोलते?" तिनं विचारलं.

"बोलते की."

मग जेवण होईपर्यंत मीच बोलत होतो. सिनेमाचं नाव सांगत नाही, सांगून कुणाला कळणारही नाही. आला आणि गेला, एवढाच तो सिनेमा. पण त्याचं शूटिंग आमच्या गावात बारा दिवस झालं होतं. मंडळी शाळेत उतरली होती, पोरांना सुट्टी, गावात नुसती जत्रा. आक्का दिवाळीला माहेरी आली होती, तिसरा महिना चालू होता. म्हणजे तेजू, तूही आहेस त्या सिनेमात, असं मी म्हणालो तेव्हा ती पहिल्यांदा हसली. हसताना तिच्या एकाच गालाला खळी पडली, डाव्या. मंदानं माझ्याकडं बघितलं. मंदानं आक्काला कधी बघितलेलं नाही, पण ती खळी तिनं माझ्या आईच्या तोंडून शंभरदा ऐकली होती.

बारवेवरचा सीन होता. नायिकेचं लग्न ठरलंय, ती घाईघाईनं घागर भरून निघते आणि तिची मैत्रीण तिला हटकते. मैत्रिणीचं काम करायला पुण्याहून आलेली बाई आदल्या दिवशी आजारी पडली. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसलेला, आणि इकडं आक्का मला बारवेच्या पायरीवर उभं करून रागावत होती, कारण मी तिच्या धुण्यावर पाय दिला होता. डायरेक्टरनं मान वळवली आणि म्हणाला, ह्या बाईंना विचारा. आक्कानं आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी लिहून दिलेलं वाक्य वाचलं आणि म्हणाली, असं कोण बोलतंय हो? मग तिनं तिच्या पद्धतीनं म्हणलं, "थांब की गं. एवढी काय घाई? माझी घागर तरी भरू दे." तेच ठेवलं त्यांनी. सात वेळा म्हणायला लावलं. पाचव्या वेळेला ती डायरेक्टरला म्हणाली, की भाऊ, बारव आटवायचा विचार आहे का तुमचा? सगळी बारव हसली. मी एकोणीस वर्षांचा होतो, माझी छाती नुसती फुगली होती.

तो सिनेमा आक्कानं बघितलाच नाही. करमाळ्याच्या टॉकीजला लागला तेव्हा तिला जाऊन दोन महिने झाले होते. घरातलं कुणी गेलं नाही. पुढं पाच-सहा वर्षांनी त्याची सीडी निघाली, दोन सीड्यांचा संच, पार्ट एक आणि पार्ट दोन, बारवेचा सीन दुसऱ्यात. मला ती स्टँडवरच्या टपरीत दिसली. शेजारचा प्लेअर आणून लावली. आक्का पडद्यावर आली, बोलली, आणि आई उठून टीव्हीच्या काचेवरनं हात फिरवायला लागली. त्यानंतर दोन दिवस तिनं अन्नाला शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी सीड्या आक्काच्या एका चोळखणात बांधून पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घातल्या.

हे शेवटचं मी तेजूला सांगितलं नाही. जेवताना कशाला, म्हणलं.

जेवण झालं. मी मोबाईल काढला, पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सिनेमा लावला. त्यात मध्यंतरानंतर तो सीन येतो, म्हणून मी पुढं ढकलायला निघालो, तर तेजूनं माझा हात धरला. म्हणाली, "राहू द्या. पहिल्यापासून बघते."

मग आम्ही तिघं पहिल्यापासून बघत बसलो. आमचं गाव आलं. मारुतीचं देऊळ, रंग द्यायच्या आधीचं. फाटा, वडाचं झाड होतं तेव्हाचा. मी एकेक बोट लावून दाखवत होतो आणि तेजू मान हलवत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती आपली प्रत्येक बाईकडं बघत होती. आक्काचं लुगडं हिरवं, हे मी सांगून ठेवलं होतं. कुणी हिरव्या लुगड्यातली मागनं गेली, की तिची पाठ ताठ व्हायची आणि मी म्हणायचो, ही नव्हे.

नायिकेनं घागर उचलली. मी म्हणालो, "आता बघ हां. आता बारव."

नायिका दारातनं बाहेर पडली. आणि एकदम मांडव. सनई, अंतरपाट, अक्षता.

मला वाटलं रेंज गेली. मागं घेतलं. घागर, दार, मांडव. पुन्हा मागं घेतलं. माझी बोटं ओली झाली, मोबाईल ऐकेना, मी धोतराला पुसून पुन्हा लावलं. घागर, दार, मांडव. बारवच नाही. बारवेवरचं गाणं नाही, मैत्रीण नाही, काहीच नाही. खाली आकडे बघितले, तर सिनेमा पावणेदोन तासांचा. आमच्या सीड्यांवर तो चांगला अडीच तासांचा होता. कुणी तरी कुठं तरी बसून त्याला कात्री लावली होती. कशाला लावली, कुणी लावली, ते अजून मला माहीत नाही.

तेजू शांतपणे म्हणाली, "मामा, सीडी असेल ना? तिच्यात असेल."

मंदा उठून चुलीकडं गेली. पाठ करून उभी राहिली. मला वाटलं ती बोलेल, मला तेवढ्यापुरतं वाचवेल, पण ती बोलली नाही आणि तिचं बरोबरच होतं.

आदल्या वर्षीची गोष्ट. नेट फुकट झालं होतं आणि गावात ज्याच्या त्याच्या हातात सिनेमा आला होता. घराघरांतनं सीड्या बाहेर निघाल्या. लग्नाच्या, भजनाच्या, डीजेच्या. आणि आमच्याकडं ज्वारीवर पाखरं फार, म्हणून कुणी तरी त्या सुतळीत ओवून शेतात टांगल्या. उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात म्हणे. बघता बघता सगळ्या शिवारात तेच. मंदानंही घरातल्या, शेजारच्या, मागून आणलेल्या गोळा केल्या. ट्रंक उपसताना तिला तो चोळखण सापडला. तो तिनं वेगळा काढला आणि मुद्दाम माझ्यापुढं आणून धरला. म्हणाली, "ह्या आक्कांच्या आहेत. ह्या ठेवते."

मी गिरणीचा पट्टा चढवत होतो. मी मोबाईलवर नाव टाकलं, सिनेमा आला. चार-पाच मिनिटं बघितला, आमची वेस दिसली, बैलगाडी दिसली. म्हणालो, "आहे की सगळा. प्लेअर तरी कुठाय आता? टाक त्याही." तिनं दोनदा विचारलं. दोनदा मी हो म्हणालो.

हे मी तेजूला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की तुम्ही तेव्हा तो सीन येईपर्यंत का नाही बघितला?

"छाती झाली नाही," मी म्हणालो. "आई घरात नाही, आक्का नाही. एकट्यानं तिला बघायची माझी छाती नव्हती, तेजू."

ती उठून चप्पल घालायला लागली. म्हणाली, शेत कुठं आहे?

ज्वारी हुरड्यात आली होती. सुतळ्या बांधापासून बांधापर्यंत ताणलेल्या, त्यांना साठ-सत्तर सीड्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांच्यावरनं गेलेला. छापील बाजू पांढरी पडून गेलेली, कुठली कुणाची काही कळेना. आणि त्यांच्याच खाली कणसांवर चिमण्यांचा थवा खुशाल बसलेला. आठ दिवसांतच सरावली होती पाखरं, नंतर कुणी त्या सुतळ्या काढल्या नाहीत एवढंच. आम्ही एकेक सीडी सोडवत निघालो. तेजूचे हात ज्वारीच्या पात्यांनी कापले, मंदा तिला म्हणत होती, तू बस, आम्ही बघतो, पण ती ऐकत नव्हती. तिसऱ्या सुतळीच्या टोकाला मंदाला ती सापडली. भोकाजवळ तेवढा दोनाचा आकडा राहिला होता आणि नायिकेच्या कपाळाची लाल टिकली. बाकी कोरी.

मंदानं ती पदरानं पुसली आणि पदराला चांदी लागली. तिथंच मी बांधावर बसलो.

तरी गेलो करमाळ्याला. स्टँडच्या मागं इलियासभाई टीव्ही दुरुस्त करतात, त्यांच्याकडं एक जुना प्लेअर होता. त्यांनी सीडी उजेडाकडं धरली आणि तशीच धरून ठेवली. तिच्यातनं पलीकडचा रस्ता दिसत होता, माणसं, रिक्षा, सगळं. तरी त्या भल्या माणसानं टूथपेस्ट चोळली, फडक्यानं पुसली, आत घातली. यंत्र कुरकुरलं आणि सीडी बाहेर आली. पुन्हा घातली. पाच-सहा वेळा घातली असेल. शेवटी ती तेजूच्या हातात देऊन म्हणाले, "बेटी, लिहिलेलंच गेलंय. आता कुणीच वाचू शकत नाही."

पुढं मी कमी खटपट केली नाही. सिनेमावाल्याच्या मुलाचा नंबर मिळवला. तो म्हणाला, वडील गेले, आम्ही हक्क विकून टाकले, आमच्याकडं फुटकी रीळ नाही. बार्शी, कुर्डुवाडी, नगर, जुन्या बाजारात जिथं म्हणून सीड्यांचा ढीग दिसला तिथं मी बसून उकरला. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी तिची चारची गाडी होती.

आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. मंदा तिच्यासाठी हुरडा बांधून घेत होती, पलीकडं. तेजूनं ती सीडी ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवली. रडली नाही. तिनं शिवी दिली असती, माझ्या थोबाडीत मारली असती, तर मला बरं वाटलं असतं.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही होतात ना तिथे? सात वेळा ऐकलंय तुम्ही."

"हो."

"मग म्हणून दाखवा. तिनं म्हटलं तसं."

तिनं मोबाईल काढला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

मी डोळे मिटले. मला बारव दिसली. आक्काचं हिरवं लुगडं दिसलं, ओल्या पायऱ्या दिसल्या, तिनं कमरेवर ठेवलेला हात दिसला. डायरेक्टरच्या खोकल्याचा आवाज आला. लोक हसले तो हशा आला. आक्काचं तोंड हललं. आवाज आला नाही. मी वाट बघितली. ती माझ्याशी किती बोलली असेल, मला भरवताना, मारताना, सासरी जाताना गळ्यात पडून. त्यातलं एखादं तरी मी कानात आणायला बघत होतो. शब्द येत होते, आवाज नव्हता. तेवीस वर्षं मी तिला आठवायचं टाळलं होतं, दुखतं म्हणून. आणि टाळता टाळता ती माझ्या कानातनं कधी निघून गेली, मला कळलंही नव्हतं.

हे त्या पोरीला सांगायला पाहिजे होतं. पण तिनं श्वास धरला होता. त्या दिवशी मी तिचं एकदा नुकसान केलंच होतं, दुसऱ्यांदा करायची माझी हिंमत झाली नाही.

मी म्हणालो, "थांब की गं. एवढी काय घाई? माझी घागर तरी भरू दे."

"असंच?"

"असंच. 'की गं' जरा लांबवायची ती. आणि 'घागर'वर हेल द्यायची."

"पुन्हा म्हणा."

तीन वेळा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या लक्षात आलं, की हा हेल मी कुठनं आणतोय. मंदा परांड्याकडची आहे. मला हाक मारायची झाली तर ती असंच लांबवते, असंच उचलते. आक्का असं बोलत नव्हती. कशी बोलत होती ते मला ठाऊक नाही, पण अशी नव्हती. तेजू डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या गालावरनं पाणी वाहत होतं, त्या दिवसातलं पहिलं.

गाडी लागली. ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "मामा, तुम्ही होतात म्हणून." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता त्याला बरीच वर्षं झाली. तेजूला मुलगी आहे, पाच वर्षांची. परवा दुपारी तेजूचा व्हिडिओ कॉल आला. मी आणि मंदा ओसरीत शेंगा फोडत होतो. तेजू म्हणाली, मामा, हिला बघा काय येतं. मग ती बारकी मोबाईलच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि लाडात म्हणाली, "थांब की गं. एवढी काय घाई? माझी घागर तरी भरू दे."

'की गं' लांबवलं. 'घागर'वर हेल दिला.

मंदाचे हात शेंगांवर थांबले. तिनं हळूच मान वर करून माझ्याकडं बघितलं. आपला आवाज माणूस ओळखतोच.

"रोज ऐकवते मी तिला," तेजू म्हणाली. "खरं सांगा मामा, माझ्या आईसारखं म्हणते ना?"

मंदा माझ्याकडंच बघत होती.

"हो गं," मी म्हणालो. "अगदी तसंच."